पेशींना रविवार नसतो

औलू शहरात जानेवारीतल्या रविवारी
सकाळचे नऊ वाजले तरी उजाडत नाही.
हिल्का लेहतोवारा सायकल ढकलत येते,
दाताने हातमोजा ओढून काढते,
प्रयोगशाळेचं कुलूप उघडते.
वसंतात ती निवृत्त होणार आहे.
पेशींना हे सांगितलेलं नाही.

पेशींना रविवार नसतो.
जुनं गुलाबी पाणी काढायचं, नवं घालायचं,
ताप नसलेल्या अंगाइतकी ऊब राखायची,
एवढंच तर काम, ती म्हणते,
गोठ्यातही हेच करायचे आम्ही.

या पेशी मुळात कातडी होत्या.
तुर्कूच्या कुणा बाईच्या दंडावरची, चिमूटभर.
त्यांना मागे नेलं, पार मागे,
जिथे काहीच ठरलेलं नसतं,
हाड व्हायचं, की डोळा, की नुसतं रक्त.
मग तिथून बोट धरून पुढे.
आज हा रेणू, परवा तो,
आणि मधल्या दिवसांत नुसती वाट.
एक खेप यकृताच्या रस्त्याला लागली.
एकीला बुरशी.
एक का मेली ते कुणालाच कळलं नाही,
हिल्काने तिची बशी धुताना
उगाच जास्त वेळ लावला.

घरी आई सुई उकळायची.
बटाट्यांच्या शेजारी, छोट्या पातेल्यात.
काचेची सिरिंज टणटण वाजायला लागली
की सात वर्षांचा ओइवा
लाकडांच्या खोपटात जाऊन लपायचा.
शोधून आणायचं काम हिल्काचं.
"फितूर," तो म्हणायचा
आणि मांडी पुढे करायचा.

साखरेचे खडे तिच्या खिशात.
शाळेत, चर्चमध्ये, स्कीवर.
कुणाच्या वाढदिवसाला केक आला
की "मलाही नाही आवडत" म्हणायची,
इतकी वर्षं म्हणाली
की शेवटी खरंच आवडेनासा झाला.

आणि तो मार्च.
गोठलेल्या तळ्यावर, भोकाशेजारी,
ओइवा गळ धरून बसलेला,
घामाने निथळत,
पाण्यातल्या माशांशी काहीबाही बोलत.
सुई सकाळीच टोचली होती.
सुईला काय ठाऊक
की पोरगं न जेवताच निघालंय!
हिल्काने त्याचा जबडा उघडला,
गालात खडा कोंबला, वर बर्फ चोळला,
बोटाला चावला तेव्हा रडली.
दाताची खूण अजून आहे,
आता ती रबरी मोज्यात असते.

आज परीक्षा.
एका बशीत रंग टाकला:
पांढुरके पुंजके बघता बघता लाल झाले,
बीट चिरल्यावर बोटं होतात तसे.
हे तिने पूर्वीही पाहिलंय.
लाल होणं म्हणजे काम येणं नव्हे.

दुसऱ्या बशीला साखर दिली. थोडी.
पेशी गप्प.
मग भरपूर.
मग पुन्हा थोडी.
दुपारी तीनला, बाहेर अंधारू लागलेलं,
यंत्राने आकडे दिले.
भरपूर साखरेला इन्सुलिन सुटलं होतं,
ठीक, ते गेल्या खेपेलाही सुटलं होतं.
तिने पुढची ओळ पाहिली.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिली.
साखर उतरली तेव्हा
पेशी थांबल्या होत्या.

सुईला जे कधी जमलं नाही.

तिने ओइवाला फोन लावला.
त्याचे डोळे गेले त्याला नऊ वर्षं झाली,
मूत्रपिंडंही थकलीत,
चाचणीच्या यादीत असली माणसं घेत नाहीत,
हे त्यानेच तिला समजावलं होतं,
दोन वाक्यांत, कॉफी ओतता ओतता.

"थांबल्या," ती म्हणाली.
"कोण?"
"पेशी. आपणहून."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग त्याच्या बोलक्या मीटरचा
सपाट बाईचा आवाज:
सात पूर्णांक दोन.
"ऐकलंस?" ओइवा म्हणाला, "हिला मात्र
कधी आनंद होत नाही."

ती हसली. फोन खांद्याने धरला,
तिसरी बशी उघडली.
अजून तिला जेवू घालायचं होतं.